गाडी नावाची दुसरी पेटी

कोकणातलं माणगाव सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागलं, घोणसे घाटातली वळणं संपून जरा सरळ पट्टा मिळाला आणि गाडीने साठ-सत्तरचा वेग घेतला, की मागच्या सीटवरचं कुणीतरी वाऱ्यासाठी आपली एकच काच खाली करतं. बाकीच्या तीनही काचा बंद. लगेच कानांत धप-धप-धप सुरू होतं. आवाज म्हणावा तर नीट ऐकू येत नाही, पण कानाचे पडदे कुणीतरी आत दाबतंय आणि बाहेर ओढतंय असं वाटतं. "ती काच लाव, नाहीतर पुढची पण थोडी उघड," असं कुणीतरी ओरडतं. दुसरी काच चार बोटं खाली आली की धपधप थांबते.

स्पीकर न लावता, वायरचा एक तुकडा न जोडता गाडीने काढलेला हा बेस आहे. साधारण १५ ते २० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १५-२० कंपनांचा. माणसाचं ऐकणं जिथे सुरू होतं, बरोबर त्या उंबरठ्यावरचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तिथे जे घडतं तेच इथे घडतं: बाटलीतली हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि सुटते, गळ्यातली हवा वजनासारखी मागेपुढे हलते, आणि त्या दोघींचा मिळून एक ठरलेला सूर निघतो. गाडीत केबिनमधली सुमारे तीन हजार लिटर हवा ही स्प्रिंग, उघड्या काचेतली हवा हे वजन, आणि फुंकर घालतो बाहेरचा वारा. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली सुरांच्या संवेदनेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात असे पोकळ गोळे वापरून त्यांनी मिसळलेल्या आवाजांतले सूर वेगळे काढून दाखवले. म्हसळ्याच्या वाटेवरची ती अर्धी उघडी काच त्याच कुळातली आहे.

हे आधी सांगण्याचं कारण असं. गाडीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "सील बॉक्स घेऊ की पोर्टेड?" आणि उत्तर देणारे, घेणारे सगळे फक्त डिकीतल्या लाकडी पेटीकडे बघत असतात. पण गाडीत एक पेटी कधीच नसते. दोन असतात. एक सुताराने केलेली, दुसरी कारखान्यात पत्रा वाकवून केलेली, जिच्यात आपण स्वतः बसलेलो असतो. पहिली पेटी निवडायची ती दुसरीला बघून. हे एकदा ध्यानात आलं की सगळा विषय उलगडत जातो, आणि इतका सुंदर उलगडतो की मला तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी मुळात पेटी लागतेच कशाला, ते बघू. १२ इंची वूफर नुसता हातात धरा, त्याला अँप्लिफायर जोडा आणि ढोलाचं गाणं लावा. त्याचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, इंचभर मागेपुढे नाचताना डोळ्यांना दिसतो, पण आवाज कसला? टिचक्या मारल्यासारखा, पोकळ. ज्याच्यासाठी पैसे मोजले तो बेस गायब. आता एका मोठ्या प्लायच्या तुकड्याला वूफरच्या मापाचं भोक पाडा, त्यावर वूफर घट्ट दाबून धरा, आणि तेच गाणं पुन्हा लावा. छातीत काहीतरी भरून येतं. वूफर तोच, वॉट तेवढेच. कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबतो, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो. अडसर नसेल तर पुढची दाबलेली हवा कडेवरून वळून मागची पोकळी भरून काढते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. उंच सुरांना हे जमत नाही, त्यांच्या लहरी लहान असतात आणि कडेवरून वळायच्या आत दिशा बदलतात. खालच्या सुरांच्या लहरी प्रचंड असतात, त्यांना फूटभराचा वळसा म्हणजे काहीच नाही. पेटीचं पहिलं काम एवढंच: मागचा आवाज पुढच्याला भेटू द्यायचा नाही.

प्रचंड म्हणजे किती? कोकणातल्या उष्ण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ४० हर्ट्झच्या सुराची एक लहर त्यामुळे जवळपास पावणेनऊ मीटर लांब होते. ३० हर्ट्झची साडेअकरा मीटरच्या वर. आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या करसवलतीसाठी चार मीटरच्या आत बसवलेल्या. त्यातही माणसं बसायची जागा, डॅशबोर्डपासून मागच्या दारापर्यंत, जेमतेम अडीच मीटर. म्हणजे बेसची अख्खी लहर गाडीत मावतच नाही. तिचा पाव हिस्सासुद्धा मोठ्या मुश्किलीने मावतो.

मग ऐकू कसा येतो? "बेस ऐकायला जागा लागते, म्हणून गाडीत खरा बेस शक्यच नाही," असं छातीठोक सांगणारी माणसं मला भेटलेली आहेत. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलटी आहे. खोलीत किंवा अंगणात आवाज लहर होऊन पसरतो. गाडीत, साधारण ७० हर्ट्झच्या खाली, लहर बनायला जागाच नसल्याने केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सैल होते. पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर, डॅशबोर्डपाशी, सगळीकडे एकाच क्षणी तोच दाब. आपण लहरीच्या वाटेत बसलेले नसतो, एका दाबपात्रात बसलेले असतो.

याचा परिणाम थक्क करणारा आहे. मोकळ्या जागेत सूर एका सप्तकाने खाली न्यायचा, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० वर, आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर कोनला चौपट लांब हलावं लागतं. ४० वरून २० वर जायचं तर पुन्हा चौपट. म्हणून घरात खोल बेस इतका महाग पडतो. बंद गाडीत मात्र तोच कोन तेवढाच हलला तरी दाब तेवढाच राहतो, सूर कितीही खाली गेला तरी. मोकळ्या जागेशी तुलना केली तर सूर जितका खोल, तितकी गाडीची मदत जास्त: दर सप्तकाला १२ डेसिबल. याला केबिन गेन म्हणतात. प्रत्यक्षात दरवाजांच्या रबरातून हवा गळते, छताचा पत्रा लवतो, डिकीचं दार थरथरतं, त्यामुळे पूर्ण १२ डेसिबल पदरात पडत नाहीत. पण जे पडतं तेही फुकटचं आहे, आणि थोडं नाही.

आता पेट्यांकडे वळू. सील बॉक्स, म्हणजे चहूबाजूंनी हवाबंद पेटी. ही आज सगळ्यात साधी वाटते, पण हिच्यामागची खरी कल्पना १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांना सुचली. तोवर वूफरचा कोन जागेवर परत आणायचं काम त्याच्या कडेची ताठ घडी आणि मागची कापडी जाळी करत असे, आणि पेटी मोठी, कपाटाएवढी ठेवावी लागे. विल्चर यांनी घडी मुद्दाम सैल ठेवली, पेटी छोटी केली, आणि कोनला परत ढकलायचं काम आत कोंडलेल्या हवेला दिलं. कापड आणि रबर कमी-जास्त ताणलं की वेगवेगळं वागतं. हवा पुष्कळच इमानदारीने वागते. आवाज स्वच्छ झाला आणि पेटी शेल्फावर मावली. हेन्री क्लॉस यांच्याबरोबर त्यांनी ॲकॉस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली आणि तिचे स्पीकर घराघरात गेले.

गाडीतल्या सील बॉक्सचं गणित हातानेही करता येतं. वूफरच्या कागदावर तीन आकडे छापलेले असतात: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. पहिला त्याचा स्वतःचा मोकळा सूर, दुसरा तो किती लवकर शांत होतो त्याचं माप, तिसरा त्याच्या घडीएवढी लवचीक असेल अशी हवा किती लिटर. समजा हे आकडे २८ हर्ट्झ, ०.४५ आणि ४५ लिटर आहेत, आणि पेटी आतून ३० लिटरची आहे. ४५ ला ३० ने भागा, १ मिळवा, वर्गमूळ काढा: १.५८. या आकड्याने पहिल्या दोघांना गुणा. सूर चढून ४४ हर्ट्झवर आला आणि दुसरा आकडा ०.७१ झाला. ही ०.७१ ची जागा मोक्याची आहे: इथे आवाज कुठेही न फुगता जमेल तितका खालपर्यंत सपाट जातो. पेटी याहून छोटी केली तर बेस फुगतो आणि थापेला गुबगुबीतपणा येतो. मोठी केली तर आवाज कोरडा, रेखीव होतो.

४४ हर्ट्झच्या खाली सील बॉक्सचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. आणि गाडी दर सप्तकाला १२ डेसिबलने चढवते. एक उतार, एक चढ, दोन्ही एकाच मापाचे. गाडी बनवणाऱ्याने वूफरचा विचार केला नव्हता, वूफर बनवणाऱ्याने ही गाडी पाहिली नव्हती, तरी दोघांची जोडणी अशी बसते की एक छोटी हवाबंद पेटी गाडीत २०-२५ हर्ट्झपर्यंत पोचते. घरातल्या खोलीत तिला ते स्वप्नातही जमलं नसतं. हा योगायोग नाही, दोन्हीकडे कोंडलेल्या हवेचा एकच नियम काम करतोय. पण प्रथम कळलं तेव्हा मला तो चमत्कारच वाटला होता.

पोर्टेड बॉक्सचं नवल वेगळ्या जातीचं आहे. १९३० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरस यांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ मध्ये ते मिळालं. सील बॉक्समध्ये कोनच्या मागच्या बाजूचा आवाज आपण आत गाडून टाकतो. थुरस यांनी तो वाया न घालवता कामाला लावला. पेटीला एक नळी बसवायची. आतली हवा स्प्रिंग, नळीतली हवा वजन: पुन्हा तीच बाटली. पेटी आणि नळीची मापं जुळवून तिचा सूर, समजा, ३३ हर्ट्झवर ठेवला. आता ३३ हर्ट्झचा सूर वाजवा आणि कोनकडे नीट बघा. अँप पूर्ण ताकद देतोय, गाडीची नंबर प्लेट खडखडतेय, आणि कोन जवळजवळ स्थिर! कोनसमोर तळहात धरला तर काही विशेष लागत नाही. तोच हात नळीच्या तोंडाशी न्या. हवेचा झोत असा आदळतो की हात मागे घ्यावासा वाटतो. सगळा आवाज नळीतली हवा काढत असते. कोन फक्त तिला वेळेवर हलका धक्का देत राहतो, आणि बदल्यात पेटीतला दाब कोनला धरून ठेवतो. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांनी एकदा मुद्दाम पाहावं. सिग्नल जनरेटरचं फुकट ॲप फोनवर मिळतं, तेवढं पुरतं.

त्या नळीचं मापही बघा. आतून ५० लिटरची पेटी, आतून १० सेंटिमीटर व्यासाची नळी, सूर हवा ३३ हर्ट्झचा. हेल्महोल्ट्झच्या सूत्राने नळी सुमारे ३७-३८ सेंटिमीटर लांब येते. घराच्या सांडपाण्याला वापरतात तो चार इंची पीव्हीसी पाइप इथे उत्तम चालतो, फक्त तोंडाची धार घासून गोल करायची, नाहीतर हवा फुसफुसते. आता हाच पाइप कुणी "जागेला येत नाही" म्हणून अर्धा कापला तर? सूर ३३ वरून ४३ वर उडी मारतो. पेटी तीच दिसते, रंग तोच, पण वाजते ती वेगळीच. बाजारात तयार मिळणाऱ्या कितीतरी पेट्यांत नळी ही शोभेसाठी लावल्यासारखी आखूड असते, आणि त्यामुळे त्या एकाच सुरावर धम-धम करत बसतात. गाणं कुठलंही असो, बेस एकच.

आणि नळीच्या सुराच्या खाली धोका आहे. तिथे आतली हवा कोनला धरत नाही. समोर अडसर नाही, मागे अडसर नाही, कोन वाटेल तसा लांब पळतो, आतली कॉइल मागच्या चुंबकाच्या तळावर आपटते. म्हणून पोर्टेड पेटीबरोबर अँपवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर अडवणारी गाळणी, हवाच, आणि तो नळीच्या सुराच्या थोडा खाली लावायचा. सील बॉक्समध्ये ही चिंता फार कमी, तिथे हवेची स्प्रिंग चोवीस तास पहाऱ्याला असते.

नळीच्या पेट्या तीस वर्षं बहुतेक अंदाजानेच होत. मग १९६१ साली सिडनीतल्या नेव्हिल थील यांनी दाखवलं की अशी पेटी म्हणजे विजेच्या फिल्टरचंच हवेतलं रूप आहे, आणि फिल्टरची सगळी तयार गणितं तिला जशीच्या तशी लागू पडतात. दहा वर्षं त्या लेखाकडे जगाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९७१ मध्ये तो अमेरिकेत पुन्हा छापला गेला, सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं, आणि आज वूफरच्या खोक्यावर छापलेले एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे आकडे या दोघांच्या नावाने ओळखले जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात वूफर घेताना त्या कागदावर बोट ठेवून हे तीन आकडे विचारा. कागदच नसेल, नुसतं "४,००० वॉट" असं झळकत असेल, तर तो वूफर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पोर्टेड पेटी गाडीत कशी वाजते? आपल्या सुराच्या आसपास ती सील बॉक्सपेक्षा बरीच मोठी वाजते, तेवढ्याच वॉटमध्ये. पण खाली तिचा उतार दुप्पट तीव्र, सप्तकाला २४ डेसिबल. गाडीचे १२ त्यातून वजा केले तरी १२ चा उतार उरतो. वरच्या बाजूला मात्र गाडी चढवतच असते. परिणामी नळीच्या सुराजवळ एक टेकडी तयार होते. इलेक्ट्रॉनिक ठोक्याची गाणी, हळदीला वाजणारे कोळीगीतांचे रिमिक्स, यांना ती टेकडी आवडते. पण कोकणात शिमग्याला वाजणाऱ्या खालूबाजाचं रेकॉर्डिंग लावून बघा. ढोलावर टिपरू पडतं तो क्षण आणि ढोल थांबतो तो क्षण, यातच सगळी मजा असते. नळीतल्या हवेला वजन आहे, ती एकदा हलली की लगेच थांबत नाही. थाप संपल्यावरही तिची शेपटी रेंगाळते. सील बॉक्स थाप देतो आणि गप्प होतो. मला त्या गप्प होण्यासाठी सील बॉक्स आवडतो, आणि बहुतेक गाड्यांत मी तोच सुचवेन.

बँडपास ही तिसरी जात, दोन कप्प्यांची. वूफर आत मधल्या फळीवर लपलेला, आवाज फक्त नळीतून बाहेर. ठरावीक पट्ट्यात ती भयंकर जोरात वाजते, बाकी सगळं गिळते. आणि वूफर फाटत असेल तरी ते कानाला कळत नाही, जळाल्यावरच कळतं. मापात थोडी चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही. सुताराकडून पहिलीच पेटी करून घेणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. सीटखाली बसणारे चपटे तयार सबवूफर हे बहुधा छोटे सील बॉक्सच. त्यांच्याकडून छातीत धडक मागू नये, पण गाण्याचा पाया भरून येतो.

पेटीच्या आकाराबद्दल एक कठोर नियम आहे. स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अँटन हॉफमन, यांच्या नावाने तो ओळखला जातो: लहान पेटी, खोल बेस आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. तेवढ्याच वॉटमध्ये तेवढाच आवाज ठेवून बेस एका सप्तकाने खाली न्यायचा तर पेटी आठपट मोठी लागते. ३० लिटरची २४० लिटर. गाडी या नियमाला केबिन गेनच्या जोरावर बराच वाकवते, म्हणून तर गाडीत छोटी पेटी चालते. पण तीही ठेवायची कुठे?

कारण म्हसळ्याच्या बाजूच्या गाड्यांच्या डिकीला दुसरे मालक असतात. पहिला मालक सीएनजीची टाकी. वॅगन आर असो, अर्टिगा असो, साठेक लिटर पाणी मावेल एवढी ती टाकी डिकीत आडवी पडलेली. अशा गाडीत पोर्टेडचा विषयच मिटतो. कडेच्या खोबणीत बसणारा १० इंची उथळ वूफरचा सील बॉक्स किंवा सीटखालचा चपटा एवढेच पर्याय उरतात. तिथे एक गोष्ट जिवावरची आहे: टाकीच्या ब्रॅकेटला, व्हॉल्व्हच्या आवरणाला किंवा गॅस बाहेर सोडणाऱ्या नळ्यांना पेटीचा स्क्रू, पट्टी, वायर काहीही बांधायचं नाही. दुसरा मालक गणपती. मुंबईहून गावी येताना डिकी मखराच्या सामानाने भरलेली, परत जाताना तांदूळ, नारळ आणि फणसाच्या साटांनी. म्हणून पेटीची वायर सोल्डर न करता झटकन सुटणाऱ्या जोडाने जोडून घ्यावी, आणि पेटी दोन बेल्टने डिकीच्या कड्यांना आवळावी. अचानक ब्रेक लागला तर वीस किलोचा सुटा ठोकळा पुढे येतो.

गाडीच्या आकारानेही निवड बदलते. हॅचबॅक, अर्टिगा, बोलेरो, स्कॉर्पिओ यांची डिकी केबिनचाच भाग. तिथे दाब थेट पोचतो, सील बॉक्स खुलतो. पेटीचं तोंड मागच्या दाराकडे करून थोडं अंतर ठेवलं तर बहुधा जास्त भरीव लागतो. सेडानमध्ये मात्र डिकी वेगळी खोली असते, मधे सीटची पाठ आणि पत्रा. तिथे आवाजाला आत यायला वाट हवी: सीटमधला आर्मरेस्टचा झरोका उघडा ठेवणं, किंवा मागच्या काचेखालच्या ट्रेमधली स्पीकरची भोकं मोकळी करणं. ती वाट अरुंद असेल तर पोर्टेडच्या जास्तीच्या जोराचा खरा उपयोग होतो. सेडानवाल्याने माझं सील बॉक्सचं वेड बाजूला ठेवून पोर्टेडचा विचार करावा.

आता लाकूड. इथे म्हसळ्याचा पाऊस बोलतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, राजापुरी खाडीची खारी हवा, चार महिने गाडीतली पायपुसणीही सुकत नाहीत. पुण्या-मुंबईत पेट्या सर्रास एमडीएफच्या करतात. तो जड असतो, घुमत नाही, कापायला सोपा. पण त्याच्या कापलेल्या कडेला ओल लागली की तो पावासारखा फुगतो आणि स्क्रू सैल होतात. इथे १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा, आयएस ७१० चा शिक्का बघून. सांधे फेविकॉल आणि स्क्रू दोन्हींनी, आतून सगळ्या कोपऱ्यांना सिलिकॉन, आणि बाहेरून कार्पेट लावण्याआधी प्रायमरचा हात.

एवढी मजबुती कशाला, हे आकड्यांतून दिसतं. १२ इंची कोनचं क्षेत्रफळ सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर. तो एक सेंटिमीटर आत आला की ३० लिटर हवेतली जवळपास अर्धा लिटर जागा कमी होते. तेवढ्याने आतला दाब वातावरणाच्या सव्वादोन टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पेटीची एक बाजू ३५ बाय ४० सेंटिमीटरची धरली, तर तिच्यावर ३२ किलोंचा भार येतो. दुसऱ्या क्षणी कोन बाहेर जातो आणि तोच भार फळीला आत ओढतो. सेकंदाला ४० वेळा. गाणंभर. फळी लवली तर तिच्या लवण्याचा आवाज गाण्यात मिसळतो, आणि सांध्यात सुईएवढी फट असली तरी तिथून हवा शिट्टी घालते. म्हणून मोठ्या फळीला आतून एक आडवी पट्टी द्यायची. पेटी तयार झाली की वूफर बसवून, काही न वाजवता, कोन दोन्ही तळहातांनी मध्याच्या आसपास समान दाबून हलके आत ढकला, थोडा वेळ तसाच धरा आणि सोडा. हवाबंद पेटीत तो सावकाश, अडखळल्यासारखा परत येतो. पटकन उसळून वर आला तर कुठेतरी गळती आहे. उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवली आणि कोन हळूहळू दाबत राहिलं की धूर जागा दाखवून देतो.

तोच एक सेंटिमीटर बंद केबिनच्या तीन हजार लिटरांत किती दाब निर्माण करतो? हिशेबाने ११८ डेसिबल. गळती, लवचीक पत्रा वगैरे वजा जाता प्रत्यक्षात कमी, पण आकडा छोटा नाही. आणि इथे आपला कान आपल्याला फसवतो. १,००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाही चाहूल देतो. ४० हर्ट्झचा सूर मात्र ५० डेसिबलपर्यंत ऐकूच येत नाही. खालचे सूर आपल्याला मुळात मंद ऐकू येतात, म्हणून माणूस नॉब फिरवत राहतो.

आवाज मोजणारं यंत्रही माणसाच्या कानावर बेतलेलं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती ज्या मापात मोजतात त्यात ५० हर्ट्झच्या सुरातून ३० डेसिबल वजा होतात. ८५ डेसिबलचा घुमारा यंत्रावर ५५ दिसतो. पण भिंतीला आणि कौलाला ही वजाबाकी ठाऊक नसते. उंच सूर भिंतीपाशी अडतात, खालचे आरपार जातात. बाजारपेठेतल्या अरुंद गल्लीत रात्री गाडी उभी करून वाजवली तर गाणं कुणाला ऐकू येत नाही, पण चार घरांतल्या फडताळातली भांडी वाजतात आणि आजारी माणसाची झोप मोडते. काचा बंद असल्या तरी. मला बेस जिवापाड आवडतो, म्हणूनच हे ठामपणे सांगतो: गाव लागलं की नॉब खाली.

शेवटची गोष्ट निवडीच्या जागेची. दुकानात डिकी उघडी ठेवून, बाहेर उभं राहून जो बेस ऐकवतात, त्यावर पैसे देऊ नका. उघड्या डिकीत दुसरी पेटी कामच करत नसते. पेटी आत ठेवा, सगळे दरवाजे लावा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा. अँपवरचा क्रॉसओव्हर ८० हर्ट्झच्या आसपास आणा, म्हणजे दारांतले छोटे स्पीकर आपलं काम करतील आणि वूफर आपलं. मग पाठीमागे एकाला बसवून फेजचा स्विच ० आणि १८० वर आलटून-पालटून करायला सांगा, गाणं तेच ठेवून. एका जागी ढोल डिकीतून येतोय असं वाटेल, दुसऱ्या जागी तो समोर डॅशबोर्डवर गायकाच्या शेजारी येऊन उभा राहील. ती दुसरी जागा. त्यानंतर वूफरचा आवाज हळूहळू कमी करत जा, आणि तो मागे आहे हे ज्या ठिकाणी जाणवेनासं होतं तिथे पेनाने खूण करून ठेवा.